गाडीचं सॉफ्टवेअर, इन्स्पेक्शनचा शिक्का आणि काकांची एफडी

मी जबलपूरहून बोलतोय. इथल्या व्हीएफजेतून, म्हणजे व्हेइकल फॅक्टरीतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मला विचारलं, "दोन लाखांची एफडी मोडून पुण्याच्या केपीआयटीत घालू का? गाड्यांचं काम करते म्हणतात." आजचा भाग त्याच प्रश्नावर.

काकांनी शक्तिमान ट्रक जोडलेत. जर्मनीच्या मॅन कंपनीच्या परवान्यावर ते आमच्याकडे 1959 पासून बनत. त्यात सॉफ्टवेअर नव्हतं, पण इन्स्पेक्शनच्या शिक्क्याशिवाय गाडी गेटबाहेर पडत नसे. आता तसा शिक्का सॉफ्टवेअरलाही लागतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी आर 155 हा सायबर सुरक्षेसाठी आहे आणि आर 156 सॉफ्टवेअर अपडेटसाठी. युरोपात जुलै 2022 पासून नव्या मॉडेलना आणि जुलै 2024 पासून सगळ्याच नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचा नियम सक्तीचा झाला. पोर्शेने पेट्रोलवरची मकान तिथल्या बाजारातून काढली ती यामुळेच. जुन्या गाडीची इलेक्ट्रॉनिक रचना नव्या नियमात बसवणं परवडेना.

गुंतवणूकदाराने इथे एक बारकावा पाहावा. कार कंपनीला मिळणारं सायबर सुरक्षेचं प्रमाणपत्र जास्तीत जास्त तीन वर्षं चालतं. शिवाय विकलेल्या गाडीत अपडेट गेलं की तपासणी आलीच. म्हणजे काम एकदा करून संपत नाही. पण जबाबदारी शेवटपर्यंत कार कंपनीचीच राहते, ती कंत्राटदारावर ढकलता येत नाही. त्यामुळे असं काम देताना ती कंपनी माणसं पारखून घेते, आणि दिल्यावर सहसा मध्येच बदलत नाही.

केपीआयटी 1990 मध्ये पुण्यात सुरू झाली. 2019 मध्ये तिचा आयटी सेवांचा धंदा बिर्लासॉफ्टकडे गेला आणि गाड्यांच्या सॉफ्टवेअरची कंपनी वेगळी होऊन बाजारात नोंदली गेली. तिची उलाढाल 2022-23 मध्ये सुमारे 3,365 कोटी होती, पुढच्या वर्षी 4,870 आणि 2024-25 मध्ये 5,840 कोटींच्या आसपास. वाढीचा वेग बघा: एका वर्षी 45 टक्के, पुढच्या वर्षी 20. वीस टक्के काही वाईट नाहीत. पण ज्याने 45 टक्के कायम राहतील असं धरून शेअर घेतला, त्याचं गणित चुकलं.

वेग का कमी होतो? नियम सक्तीचा असला तरी या कंपनीला मिळणारं बरंचसं काम नव्या मॉडेलच्या बजेटमधून येतं. युरोपात विक्री मंदावली, एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने आयात गाड्यांवर 25 टक्के कर लावला, की आधी नवी मॉडेल लांबणीवर पडतात. केपीआयटीचा भर पंचवीसेक मोठ्या ग्राहकांवर आहे. त्यातल्या दोघांनी हात आखडला तरी झळ लागते. दुसरी गोष्ट, मर्सिडीजसारख्या कंपन्यांची स्वतःची केंद्रं बंगळुरूत आहेत. बाहेर दिलेलं काम ते घरातही करू शकतात.

आता भावाकडे या. समजा 100 रुपयांच्या शेअरमागे कंपनी वर्षाला दीड रुपया कमावते. नफा दरवर्षी 20 टक्के वाढला तरी चौथ्या वर्षाअखेर तो तीन रुपयांच्या आसपास. काकांची एफडी आजच सात देते. बाजार इतका भाव देतो तो पुढच्या दहा वर्षांच्या वाढीसाठी. एखादी तिमाही फिकी गेली तरी तो लगेच खाली येतो.

मी सेबी-नोंदणीकृत सल्लागार नाही आणि माझ्याकडे हा शेअर नाही. काकांना मी एवढंच विचारलं, "हे दोन लाख पाच वर्षं लागणार नाहीत ना?" ते म्हणाले, "पुढच्या वर्षी काकूंचा गुडघा बदलायचाय." एफडी आहे तिथेच आहे. काका मात्र आता तिमाही निकाल वाचतात, आणि नव्या ऑर्डरींचा आकडा माझ्याआधी मला फोन करून सांगतात.