रेंज फुल्ल, तरी नेट का चालत नाही? बिघाड कुठल्या थरात आहे ते असं ओळखा

ई-पीक पाहणीसाठी बांधावर उभं राहावं, मोबाइलवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसाव्यात आणि ॲप मात्र नुसतं गोल गोल फिरत राहावं, हा अनुभव अनेक शेतकऱ्यांना आहे. मग सिम काढून घालायचं, रिचार्ज तपासायचा. पण त्या दांड्या एवढंच सांगतात की, टॉवरचा सिग्नल मोबाइलपर्यंत पोचतोय. पुढच्या रस्त्याचं त्यांना काही ठाऊक नसतं.

दोन यंत्रांमधलं बोलणं थराथरानं होतं. ते समजावण्यासाठी आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेनं १९८४ मध्ये सात थरांचा ‘ओएसआय’ नमुना प्रसिद्ध केला. इंटरनेट प्रत्यक्षात चालतं ते टीसीपी/आयपी पद्धतीवर. तिचे थर चार किंवा पाच मोजतात. नावं पाठ करायची गरज नाही, पोस्ट आठवलं तरी पुरे.

पत्रातला मजकूर हा सगळ्यात वरचा थर, म्हणजे ॲप. त्याखाली रजिस्टर पत्रासारखी पोचपावती : टीसीपी माहितीचे तुकडे करून पाठवतं आणि पोच न आलेला तुकडा पुन्हा पाठवतं. त्याखाली पत्ता आणि पिनकोड, म्हणजे आयपी. मग पुढच्या ऑफिसपर्यंत जाणारी थैली आणि सगळ्यात खाली रस्ता व एसटी, म्हणजे केबल किंवा रेडिओ लहरी. पत्र लिहिणाऱ्याला एसटी कुठली ते बघावं लागत नाही. म्हणूनच तेच व्हॉट्सॲप घरच्या वायफायवरही चालतं अन् शेतात सिमच्या नेटवरही.

आता बिघाड शोधू. रस्त्याच्या कामात जेसीबीनं टॉवरकडे येणारी केबल तोडली, तर दांड्या फुल्ल राहूनही नेट बंद पडू शकतं. शेजाऱ्याचं त्याच कंपनीचं सिमही अडलं असेल तर संशय तिथेच घ्यावा. फक्त आपलाच फोन अडला असेल, तर विमान मोड चालू-बंद करावा. फोन टॉवरशी नव्यानं जोडला जातो. आणि व्हॉट्सॲप चालतंय, पण एकच सरकारी साइट उघडत नाही? मग खालचे थर बहुधा ठीक आहेत, अडचण वर आहे. अशा वेळी सिम बदलून उपयोग नाही. मोबाइलची तारीख-वेळ मात्र बघा. ती चुकीची असली तर सुरक्षित साइट उघडायला नकार देतात, आणि हे भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही.

खरा घोटाळा पैशांत होतो. यूपीआयचा निरोप बँकेपर्यंत गेला, पैसे कापले गेले आणि उत्तर परत येताना नेट तुटलं, तर मोबाइलला काही कळत नाही. स्क्रीनवर ‘प्रलंबित’ दिसतं. अशा वेळी लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नका. नेट आल्यावर आधी व्यवहारांची यादी आणि खात्यातली शिल्लक बघा.