भुईगावच्या किनाऱ्यावरची एक वही

वसई स्टेशनवरून भुईगावची बस सुटली की थोड्याच वेळात इमारती मागे पडतात. मग केळीच्या आणि फुलांच्या वाड्या, विहिरी, अंगणातले क्रूस, आणि शेवटी सुरूची झाडे व समुद्र. ईदनंतरच्या रविवारी नातलगांना घेऊन आम्ही तिथे गेलो होतो. मुले पाण्याकडे धावली. अकरावीतली आमची भाची मात्र आमच्याजवळच बसून राहिली. थोड्या वेळाने तिने पिशवीतून एक वही काढली. तिच्या अब्बांच्या शिलाईच्या दुकानातली, मापे लिहायची वही होती ती. पुढे गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेची मापे आणि मागच्या पानांवर मराठीत लिहिलेली एक कथा.

“खाला, लेखक व्हायला काय लागतं? आपल्या घरात तर दखनी बोलतात. पुस्तकात ज्यांचे धडे असतात, त्यांच्या घरी असं बोलत असतील का?”

आम्ही लगेच उत्तर दिले नाही, कारण हा प्रश्न एकट्या तिचा नव्हता. आपल्या कितीतरी घरांत मुले मराठी शाळेत शिकतात, मराठीत निबंध लिहून बक्षिसे आणतात. पण ‘मराठी लेखक’ म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे भलतेच कोणाचे तरी घर येते. आपले येत नाही.

घरची बोली आणि लिहिण्याची भाषा

उत्तर आम्ही बसलो होतो तिथूनच सुरू होत होते. भुईगावच्या थोडे उत्तरेला नंदाखाल आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचा जन्म तिथे १९४२ साली झाला. वसईच्या या पट्ट्यातल्या अनेक ख्रिस्ती घरांत सामवेदी बोली बोलतात. तिलाच कादोडी असेही म्हणतात. पुस्तकी मराठी ऐकून मोठा झालेला माणूस या बोलीत सुरू असलेल्या गप्पांनी गोंधळून जाईल. अशा मुलखातला हा मुलगा पुढे धर्मगुरू झाला, ‘सुवार्ता’ मासिकाचा अनेक वर्षे संपादक राहिला, वसईची हिरवाई वाचवण्यासाठी रस्त्यावर उतरला आणि त्याने बायबल सोप्या मराठीत आणले. त्या ‘सुबोध बायबल’च्या अनुवादाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. निवड जाहीर होताच काहींनी त्यांच्या धर्माकडे बोट दाखवून विरोध केला होता. तरीही प्रकृती बरी नसताना ते तिथे गेले आणि बोलले. जुलै २०२४ मध्ये त्यांचे निधन झाले. सिसिलिया कार्व्हालो या कवयित्री आणि मराठीच्या प्राध्यापकही वसईच्याच. म्हणजे घरची बोली वेगळी, इबादतीची जागा वेगळी, आणि तरीही लिहिण्याची भाषा मराठी, हे आमच्या भाचीच्या शेजारच्या गावांत आधीच घडून गेले आहे.

आपल्या समाजातही ते घडले आहे. डॉ. यू. म. पठाण यांनी संत आणि महानुभाव वाङ्मयाच्या अभ्यासाला आयुष्य दिले. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. सांगली जिल्ह्यातल्या दुधगावचे इलाही जमादार यांनी मराठी गझलेला आयुष्य वाहिले आणि २०२१ साली जाईपर्यंत ते रसिकांचे लाडके राहिले. गझल फारसी-उर्दूतून आली, हे त्यांच्या वाटेत कधी आड आले नाही.

गिरणी, शेत आणि शिलाई मशीन

भाचीचा दुसरा प्रश्न होता, “पण हे सगळे शिकलेले लोक होते ना? माझे अब्बा तर टेलर आहेत.”

मग आम्ही तिला बार्शीच्या मेहबूब हुसेन पटेल यांच्याबद्दल सांगितले. महाराष्ट्र त्यांना शाहीर अमर शेख म्हणून ओळखतो. त्यांनी गिरणीत काम केले, चळवळीत उडी घेतली आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आपल्या आवाजाने मैदाने जागवली. त्यांची मुलगी मलिका अमर शेख आजच्या महत्त्वाच्या कवयित्री आहेत. वडिलांकडून त्यांना शाहिरी आणि चळवळ मिळाली, पण कविता त्यांनी स्वतःच्या वाटेने लिहिली. त्यात मुंबई आहे आणि एका बाईचे जगणेही आहे.

आजच्या लिहिणाऱ्यांकडे पाहिले तर घरे आणि धंदे आणखी वेगवेगळे दिसतात. दौंड तालुक्यातल्या कल्पना दुधाळ शेतात राबतात आणि ‘सिझर कर म्हणते माती’सारखा संग्रह लिहितात. जत तालुक्यातले नवनाथ गोरे मेंढपाळ घरातले. त्यांच्या ‘फेसाटी’ कादंबरीला २०१८ चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी टाळेबंदीत कॉलेजातले तासिका तत्त्वावरचे काम थांबले, तेव्हा हाच लेखक दुसऱ्याच्या शेतात मजुरीला गेला. पुरस्काराने मान मिळतो, पण चूल पेटेलच असे नाही. मुलांना लेखनाचे स्वप्न दाखवताना हेही सांगायला हवे.

आणि तुळजापूरचे देविदास सौदागर! शिवणकाम करणारा हा माणूस. त्यांनी वॉचमनची नोकरीही केली. त्यांच्या ‘उसवण’ या कादंबरीत एक शिंपी आहे. बाजारात तयार कपडे येतात आणि त्याचे गिऱ्हाईक हळूहळू तुटत जाते. या पुस्तकाला २०२४ चा युवा पुरस्कार मिळाला.

हे ऐकून भाची गप्प झाली. मग म्हणाली, “शाळेचे युनिफॉर्म आता दुकानातून तयार मिळतात. अब्बांकडे यंदा किती कमी आले.” तिच्या कथेत हे नव्हते. तिच्या कथेतला नायक पुण्याच्या एका बंगल्यात राहत होता. पुण्याचा बंगला तिने कधी पाहिलेला नाही.

वही कुठे ठेवायची?

वाचकहो, इथे आम्हाला आपल्याशी थोडे मोकळे बोलायचे आहे. लेखक अमुकच घरात जन्मतो असे नाही, हे वरच्या नावांवरून दिसते. कोणी धर्मगुरू, कोणी प्राध्यापक, कोणी गिरणी कामगार, कोणी शेतकरी, कोणी शिंपी. मुलांकडे लिहिण्यासारखे काही नसते, असे नाही. ते त्यांच्या घरातच असते: नानीची दखनी, कोकणातल्या गावची बोली, अब्बांचा धंदा, मोहल्ल्यातले नळावरचे भांडण. फक्त ते लिहिण्याच्या लायकीचे आहे, असे त्यांना कोणी सांगितलेले नसते. मुलगी असेल तर वही आधी लपवली जाते. घरात कोणी रागावते म्हणूनच असे नाही. कोणी विचारत नाही, हेही कारण पुरते.

म्हणून घरात एक कपाटाचा खण, आठवड्यातला एखादा मोकळा तास आणि “काय लिहिलंस?” असे विचारणारे एक माणूस, एवढे तरी आपण देऊ शकतो. खर्च काहीच नाही.

मगरिबच्या आधी आम्ही परतलो. दोन आठवड्यांनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा कथा नव्याने लिहून झाली होती. बंगला गेला होता आणि मशीन आले होते. भाचीच्या अब्बांना मराठी बोलता येते, पण वाचायला वेळ लागतो. काज करता करता ते म्हणाले, “पढ को सुना.”

ती वाचू लागली. एका जागी त्यांनी हात थांबवला.

“ये गलत है. बाही पहले नई लगती. पहले कंधा जोडना पडता, बेटा.”

तिने पेन काढले आणि ते वाक्य खोडले.