मूल शिबिराला पाठवताय? आधी जागा बघून या

मार्च संपत आला की दूध डेअरीच्या भिंतीवर, एसटीच्या थांब्यावर, कंपनीच्या गेटसमोरच्या टपरीवर कागद चिकटायला लागतात. व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, साहस शिबिर, बालसंस्कार शिबिर, कराटे, लाठीकाठी, घोडेस्वारी. वर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली एक मोबाईल नंबर. बैठकीत बचत गोळा करून झाली की हल्ली कुणीतरी विचारतंच, "ताई, पोराला पाठवू का गं?" म्हणून या अंकात त्यावर जरा सविस्तर लिहिते.

पूर्वी सुट्टी म्हणजे मामाचं गाव. आता मामीसुद्धा चाकणला किंवा म्हाळुंग्याला ठेकेदाराकडे कामाला जाते आणि मे महिन्यात कंपनी काही बंद राहत नाही. सेकंड शिफ्टला निघालेल्या आईच्या मागे पोरं दिवसभर खोलीत मोबाईल बघत बसतात, नाहीतर नदीवर, खाणीतल्या पाण्यावर जातात. शिबिरात निदान कुणाच्या तरी नजरेखाली राहतील, चार गोष्टी शिकतील, असं आपल्याला वाटतं. त्यात काही चूक नाही. चांगल्या शिबिरातून मूल बोलतं होऊन परत येतं, स्वतःचं ताट स्वतः घासायला लागतं. पण "नजरेखाली राहतील" हे आपण धरून चालतो. नजर कुणाची आणि किती जणांवर, हे विचारत नाही.

न विचारण्याची कारणं आपल्याला माहीत आहेत. शिबिर फुकट असतं, मग फुकटात कसं विचारायचं? आयोजक गावातले दादा असतात, पुढच्या महिन्यात त्यांच्याकडेच दाखल्याचं काम असतं. किंवा महाराज असतात, त्यांना प्रश्न विचारणं म्हणजे पाप. आणि एकटी बाई विचारायला गेली की ठरलेलं उत्तर मिळतं, "ताई, दोनशे पोरं येऊन गेली, कुणी एवढं विचारलं नाही." न विचारणाऱ्या दोनशे आयांमुळे आपलं मूल सुरक्षित होत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि प्रश्न पुढे करा.

सकाळी जाऊन दुपारी परत यायचं शिबिर असेल तर फार खोलात जायची गरज नाही. मूल जाणार कसं आणि परत आणणार कोण, एवढं मात्र पक्कं करा. चाकण चौकातले आणि तळेगाव-शिक्रापूर रस्त्यावरचे कंटेनर आपण रोज बघतो. व्हॅनमध्ये किती मुलं कोंबणार आणि ड्रायव्हर सोडून दुसरं मोठं माणूस असणार का, ते विचारा. आईची शिफ्ट सुटायच्या आत शिबिर सुटत असेल तर मधले दोन तास मूल कुणाकडे राहील, तेही आधी ठरवा.

खरी चौकशी लागते ती मुक्कामाच्या शिबिराला. त्यासाठी जागा बघून येण्यासारखा दुसरा उपाय नाही. पत्रकावरचा फोटो कुठलाही असू शकतो. दोघी-तिघींनी एक रविवार काढा आणि न कळवता जाऊन या. झोपायची खोली, संडास-बाथरूम, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर बघा. रात्री संडासला जायचं तर किती अंतर चालावं लागतं, वाटेत दिवा आहे का? खेड, जुन्नर, आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर असतो, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तिथे उसाच्या कडेला तंबू ठोकून मुलांना अंधारात बाहेर सोडणारा आयोजक कितीही गोड बोलला तरी शहाणा नाही. मोबाईलला रेंज येते का, ते उभ्या उभ्या बघून घ्या. जवळचं सरकारी रुग्णालय कुठलं, तेही आयोजकाला विचारा. मुळशीकडचं शिबिर असेल तर पौडचं ग्रामीण रुग्णालय, आपल्या बाजूला असेल तर चाकणचं. पटकन सांगता आलं नाही, तर त्यांनी त्याचा कधी विचारच केलेला नाही असं समजा.

आता पाण्याचं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या भागात शिबिर म्हटलं की धरण आलंच.

एप्रिल २०१८ मध्ये चेन्नईहून उन्हाळी शिबिरासाठी आलेली तीन शाळकरी मुलं मुळशी तालुक्यात धरणाच्या पाण्यात बुडाली. मे २०२२ मध्ये आपल्या खेड तालुक्यातल्या चासकमान धरणात एका निवासी शाळेची चार मुलं गेली. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ ला पुण्याच्या एका कॉलेजच्या सहलीतली चौदा मुलं मुरुडच्या समुद्रात बुडाली. यातली कुठलीच मुलं घरातून पळून पोहायला गेलेली नव्हती. शाळा-कॉलेजबरोबर, परवानगी घेऊन आलेली होती.

उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली उतरतं आणि काठ सपाट, सोपा दिसतो. पण पाण्याखाली जुनी शेतं असतात, त्यांच्या ताली, बांध, ओढ्याची पात्रं, कधी विहिरीसुद्धा. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढच्या पावलाला तळच लागत नाही. गाळात पाय रुततो. एकाला वाचवायला दुसरा जातो, घाबरलेलं पोर त्याच्या गळ्याला मिठी मारतं आणि दोघं जातात. सिनेमातल्यासारखी आरडाओरडही होत नाही. बुडणारं मूल बहुतेक वेळा गप्प बुडतं, मिनिट-दोन मिनिटांत. काठावरचे मोठे गप्पांत असतील तर त्यांना कळतही नाही.

म्हणून आयोजकाला सरळ विचारा, पाण्यात उतरवणार का? "फक्त पाय भिजवायला" हे उत्तर धोक्याचं समजा. धरण, नदी, ओढा यांत उतरवणार असतील आणि जीवरक्षक व प्रत्येक मुलाला लाईफ जॅकेट नसेल, तर माझ्या मते त्या शिबिराला पाठवूच नका. जॅकेटही मापाचं हवं. मुलाला घालून, पट्टे आवळून, खांद्याजवळ धरून वर उचलून बघा. जॅकेट कानापर्यंत वर आलं तर ते मोठं आहे, पाण्यात मूल त्यातून निसटेल. फुगवलेली ट्यूब म्हणजे जॅकेट नव्हे. आणि पोहता येणाऱ्या मुलाची काळजी नको, असंही समजू नका. विहिरीत किंवा तलावात शिकलेलं पोर धरणात जास्त धाडस करतं.

दोरावरून उतरणं, झिपलाइन, गिर्यारोहण, बोटिंग असं काही असेल तर नोंदणीचं प्रमाणपत्र मागा. या नियमांमागे एका आई-वडिलांचं दुःख आहे. त्यांचा मुलगा २००६ मध्ये हिमालयातल्या मोहिमेत गेला. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. पुढे राज्य सरकारने साहसी उपक्रमांसाठी सुरक्षेचे नियम काढले, ते बदलत बदलत २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्याप्रमाणे असे उपक्रम चालवणाऱ्याने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. कागद दाखवायला आयोजक का-कू करू लागला तर पुढचं बोलणं थांबवा.

बऱ्याच ठिकाणी फॉर्मच्या शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, "काही अपघात झाल्यास आयोजक जबाबदार नाहीत." आपण अंगठा नाहीतर सही करून मोकळ्या होतो आणि मनात भीती बसते की आता काही झालं तर बोलायची सोय राहिली नाही. तसं नाही. निष्काळजीपणाने कुणाचा जीव गेला तर तो गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ त्यासाठीच आहे. आपल्या सहीने गुन्हा माफ होत नाही. तरी सही करण्याआधी फॉर्म कुणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या आणि मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवा.

पाण्याबद्दल आपण निदान बोलतो. दुसरी गोष्ट मात्र बैठकीत निघाली की सगळ्यांची नजर खाली जाते.

सुट्टीत मुलं आळंदीला पाठवायची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जोग महाराजांनी १९१७ मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली, कीर्तनकारांच्या पिढ्या तिथे घडल्या. मृदंग, हरिपाठ, गीतेचे अध्याय, पहाटे उठायची सवय, हे सगळं मुलाला मिळावं असं कुठल्या आईला वाटणार नाही? पुढे आळंदीत खासगी निवासी संस्था पुष्कळ निघाल्या. त्यांतल्या काहींत मुलांचं लैंगिक शोषण झाल्याच्या तक्रारी पोलिसांत गेल्या. २०२५ च्या सुरुवातीला राज्य महिला आयोगाने लक्ष घातलं आणि प्रशासनाने अशा संस्थांची तपासणी सुरू केली. माळ घातलेल्या प्रत्येकाकडे संशयाने बघा, असं मी म्हणत नाही. पण माळ बघून प्रश्न गिळूही नका. कराटेचे सर, क्रिकेटचे कोच, शिबिराचे दादा, सगळ्यांना तोच नियम.

आपण मुलीला पाठवताना दहादा विचार करतो आणि "पोरगा आहे, त्याला काय होतंय" म्हणून मुलाला बिनधास्त सोडतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने १३ राज्यांतल्या मुलांशी बोलून २००७ मध्ये एक अहवाल काढला होता. निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगितलं आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते.

म्हणून संस्थेची नोंदणी आहे का ते बघा. मुलांच्या खोलीत रात्री कोण झोपतं, ते विचारा. मुलींच्या मुक्कामाला बाई कर्मचारी रात्रभर असते की संध्याकाळी घरी जाते? कुठलाही मोठा माणूस एका मुलाला एकटं खोलीत बोलावतो का, पाय चेपून घेतो का? सेवेच्या नावाखाली पाय चेपून घेण्याची सवय काही ठिकाणी असते. ती नको, असं स्पष्ट सांगून या. आणि "पहिले आठ दिवस घरच्यांनी भेटायचं नाही, फोन करायचा नाही, मूल रडतं" असं कुणी म्हणालं तर पाठवू नका. मूल रडलं तर रडू दे, आईशी बोलून रडू दे.

मुलाशीही आधी बोलायला हवं. चड्डी-बनियनच्या आतल्या जागेला कुणी हात लावायचा नाही, कुणी त्याला त्याच्या अंगाला हात लावायला सांगायचं नाही, आणि "आईला सांगू नको" असं जो म्हणेल त्याची गोष्ट आईला आधी सांगायची. एवढं सहा वर्षांच्या मुलालाही कळतं. आपला नंबर तोंडपाठ करून घ्या, कारण बऱ्याच शिबिरांत मोबाईल काढून घेतात आणि मग मुलांना एकही नंबर आठवत नाही. दुसऱ्याच्या फोनवरून, समोर दादा उभे असताना मूल मोकळं बोलू शकत नाही. त्यासाठी घरचं एखादं वाक्य ठरवून ठेवा. "शेळीला पाणी पाजलं का?" असं मुलाने विचारलं की आपण समजायचं, मला घ्यायला या. मग कारण विचारत बसायचं नाही, निघायचं.

कपडे, टॉवेल, टॉर्च यांची यादी आयोजक देतातच. आपण द्यायचं ते वेगळं. मुलाला फिट येते का, दमा आहे का, कुठल्या गोळीची ॲलर्जी आहे का, अंथरूण ओलं होतं का, हे कागदावर लिहून एका जबाबदार माणसाच्या हातात द्या. अंथरुणाचं सांगायला लाजलात तर चारचौघांत अपमान मुलाचा होतो. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला पाळी आली नसली तरी पिशवीत पॅड द्या, ते कसं वापरायचं ते सांगा. बारा ते चार उन्हात मैदानावर खेळवणार असतील तर वेळ बदलायला सांगा.

मूल परत आल्यावर "मजा आली का?" एवढ्यावर थांबू नका. रात्री कुठे झोपायचास, कोण आवडलं, कोण नाही आवडलं, असं हळूहळू विचारा. आठवड्यात एकदम गप्प झालं, अंघोळीला घाबरू लागलं, अंथरूण ओलं करू लागलं, तर रागावू नका, जवळ घ्या. काही घडल्याचं कळलं तर १०९८ ही मुलांची हेल्पलाइन आहे, पोलिसांसाठी ११२. शिबिर मुळशीत झालं असलं तरी तक्रार चाकणच्या पोलीस ठाण्यात देता येते, त्यांना ती घ्यावीच लागते. पोक्सो कायद्याप्रमाणे मुलाचा जबाब घरी येऊन, साध्या कपड्यात, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. मुलाचं नाव कुठे छापता येत नाही. आणि कळूनही तक्रार न करणारा, "आपसात मिटवू" म्हणणारा माणूस स्वतः गुन्हा करत असतो, मग तो सरपंच असो की संस्थेचा अध्यक्ष.

हे सगळं एकटीने विचारायचं म्हटलं की जीभ अडखळते. बँकेत कर्जाला आपण एकटीने गेलो तेव्हा बाहेर बसवलं आणि दहा जणी गेलो तेव्हा साहेबांनी खुर्च्या मागवल्या, हे आठवतं ना? एप्रिलच्या मासिक बैठकीत कुणाचं मूल कुठल्या शिबिराला जाणार, त्याची नावं गटाच्या वहीत लिहा. एकाच शिबिराला चार-पाच मुलं जात असतील तर त्यांच्या आयांनी मिळून जागा बघून यायची आणि रोज संध्याकाळी एकीने फोन करून सगळ्या मुलांची खबर घ्यायची. आयोजकाचं नाव, पत्ता, शिबिराच्या तारखा आणि कुठल्या गाडीने नेणार ते सीआरपी ताईंकडेही लिहून द्या. फीसाठी अंतर्गत कर्ज मागणाऱ्या सदस्येला ग्रामसंघाने आधी एवढंच विचारावं, की जागा कोण बघून आलं?