कललेला बालेकिल्ला

बूट काढून पिशवीत घातलेत. पिशवी हातात आहे आणि पायमोज्यांतून लाकडाचा गारवा वर चढतो आहे. चारशे वर्षांहून जास्त काळ माणसांचे तळवे घासून या फळ्या गुळगुळीत झाल्यात. भाची पुढे चालते आहे. ती जपानमध्ये, नागोयात नोकरी करते. सकाळी तिथूनच गाडीत बसलो, दोन तास डोंगर आणि नदी बघत मात्सुमोतोला उतरलो, आणि आता आम्ही बालेकिल्ल्याच्या पोटात आहोत.

बाहेरून पाहिलेलं रूप अजून डोळ्यांसमोर आहे. रुंद खंदक, त्यात संथ पोहणारे मासे, आणि पाण्यावर उलटा पडलेला काळा-पांढरा किल्ला. प्रत्येक मजल्याच्या भिंतीचा वरचा भाग चुन्याचा, खालचा काळ्याभोर फळ्यांचा. या काळेपणामुळेच लोक त्याला कारासू-जो म्हणतात, कावळ्यांचा किल्ला. एका बाजूला परांची बांधलेली आहे. तो काळा रंग म्हणजे उरुशी, एका झाडाच्या चिकाचं रोगण. उन्हापावसानं ते विटतं, म्हणून दर शरदात कारागीर ते नव्यानं चढवतात. आम्ही नेमके त्याच दिवसांत आलोय. परांचीवरचा माणूस हातभर फळीवर ब्रश फिरवतो, मागे सरतो, निरखतो, आणि पुन्हा तिथेच ब्रश लावतो.

आत अंधार आहे. जाड खांब, त्यांवर वाशीनं तासल्याच्या खुणा, आणि भिंतीत ठरावीक अंतरावर प्रकाशाच्या चिरा. या जंग्या. सिंहगडावर, राजगडावर तटाला डोळा लावून आपण खालची वाट बघतो, तशाच. उभ्या लांबट चिरा बाणांसाठी, चौकोनी भोकं बंदुकांसाठी. बाणांच्या ५५ आणि बंदुकांच्या ६०, मिळून ११५. शिवाय तटाला बिलगलेल्या शत्रूवर धोंडे टाकायला ११ ठिकाणी भिंत बाहेर काढून खाली फट ठेवलेली. मी एका चौकोनी भोकाला डोळा लावते. खंदकाचा पलीकडचा काठ अगदी समोर येतो. मधलं अंतर साधारण साठ मीटर आहे, आणि ते उगाच ठरलेलं नाही. तोडेदार बंदुकीची गोळी तिथवर जोरात पोचते आणि पलीकडून आलेली या जाड भिंतीपुढे निकामी होते, असा तो हिशेब आहे.

त्या बंदुका दुसऱ्या मजल्यावर आहेत. हा संग्रह मात्सुमोतोच्याच अकाहाने मिचिशिगे यांनी जमवला आणि शहराला दिला. संग्रहात १४१ बंदुका आहेत. काचेमागे लांब नळ्या ओळीनं मांडल्यात. काहींवर पितळी नक्षी, काहींवर घराण्याचं चिन्ह. शेजारी दारूची शिंगं, गोळ्या ओतायचे साचे, आणि एका कोपऱ्यात पोलादी पट्ट्या दोऱ्यांनी विणून केलेलं चिलखत. बंदुकीचा दस्ता इतका आखूड की खांद्याला टेकणारच नाही. ही बंदूक गालाशी धरून झाडायची. चापाशी जळता तोडा, तो खाली पडला की कानातली रंजक पेटते. तोडा, कान, रंजक, गज. यातला एकही शब्द मला परका नाही, आपल्या बखरींनी ते जपलेत.

ही बंदूक जपानात आली १५४३मध्ये, तानेगाशिमा बेटावर, पोर्तुगीजांच्या हातून. त्यांना गोवा घेऊन तेव्हा तेहेतीस वर्षं झाली होती. बेटाच्या सरदारानं दोन बंदुका विकत घेतल्या आणि आपल्या लोहारांना तशाच करायला लावल्या. पुढे बंदुकीचं नावच तानेगाशिमा पडलं. नंतरच्या बत्तीस वर्षांत, म्हणजे १५७५च्या नागाशिनोच्या लढाईपर्यंत, बंदुकांनी युद्धाची रीत पालटून टाकली होती.

हा बालेकिल्ला त्या पालटलेल्या रीतीचं अपत्य आहे. इशिकावा काझुमासा हा तोकुगावा इएयासू या बलाढ्य सरदाराचा जुना, विश्वासाचा माणूस. १५८५मध्ये तो इएयासूला सोडून त्याच्या प्रतिस्पर्ध्याला, हिदेयोशीला, मिळाला. त्याला मात्सुमोतो मिळालं, आणि १५९३-९४च्या सुमारास त्यानं आणि त्याच्या मुलानं, यासुनागानं, हा बालेकिल्ला उभा केला. पूर्वेला कान्तोमध्ये बसलेल्या इएयासूवर नजर ठेवायला. पण इथे लढाई झालीच नाही. एवढ्या जंग्यांमधून शत्रूवर गोळी सुटायची वेळ आली नाही.

"मावशी, इथून सावकाश," भाची म्हणते.

तिसऱ्या मजल्याला खिडकी नाही. बाहेरून पाच मजले मोजले होते, आत सहा आहेत, आणि लपलेला तो हाच. तिथून चौथा. चौथ्यावरून पाचव्याकडे जाणारा जिना जवळजवळ शिडीच आहे. चढ ६१ अंशांचा, आणि एकेक पायरी गुडघ्यापाशी येते. वरून उतरणाऱ्या आजीबाईंना खालचा सेवक हात वर करून थांबवतो, आम्हाला जाऊ देतो, मग त्यांना उतरवून घेतो. कठडा घट्ट धरून मी चढते. असा जिना आज वृद्धांना किती जपून चढावा लागतो, ते इथे कळतं.

सहाव्या मजल्यावर वारा आहे. छताच्या मधोमध, तुळयांच्या जाळीत, सव्विसाव्या रात्रीच्या देवीचं छोटं देवघर आहे. पश्चिमेला डोंगरांची अखंड रांग, आणि तिच्या पायथ्याशी आझुमिनोचं सपाट भातखाचर. मी बराच वेळ तिकडेच बघते, कारण मला ज्याच्यासाठी इथे यायचं होतं तो माणूस त्या बाजूचा.

त्याचं नाव तादा कासुके. साल १६८६. शेतकऱ्यांनी भरायच्या भाताच्या प्रत्येक पोत्यामागे जास्त तांदूळ द्यावा, असा हुकूम संस्थानानं काढला होता. पिकं आधीच बुडालेली. कासुके आणि त्याचे सोबती सारा जुन्या दरानं घ्या, असा अर्ज घेऊन आले, आणि त्यांच्यामागून हजारो शेतकरी याच किल्ल्याभोवती जमले. अधिकाऱ्यांनी मान्यतेचे कागद दिले, लोक घरी गेले. मग कागद परत घेतले आणि माणसं धरली. अठ्ठावीस जणांना मारलं. लोक सांगतात, वधस्तंभावरून कासुकेनं शेवटपर्यंत जुन्या दराचा पुकारा केला आणि या बालेकिल्ल्याकडे अशी नजर रोखली की तो कलला.

बालेकिल्ला खरंच कललेला होता. मेइजी काळातलं छायाचित्र आहे, त्यात तो एका बाजूला झुकलेला स्पष्ट दिसतो. कारण मात्र जमिनीखाली होतं. दगडी चौथऱ्याच्या पोटात भार पेलणारे सोळा लाकडी खांब उभे केले होते, ते कुजत गेले. १९५० ते १९५५च्या दुरुस्तीत सगळा बालेकिल्ला उतरवला, तेव्हा हे समोर आलं. पण कासुकेची कथा मला त्यामुळे खोटी वाटत नाही. ज्यांच्या भातावर ही भिंत चढली, त्यांच्यावर झालेला अन्याय लोकांनी या इमारतीच्याच अंगावर लिहून ठेवला.

उतरताना वाट चंद्र बघायच्या सज्ज्यातून जाते. तीन बाजू मोकळ्या, भोवती लाल कठडा, आणि एकही जंगी नाही. १६३०च्या दशकात, शोगुन इएमित्सू येणार म्हणून, तेव्हाचा मालक मात्सुदायरा नाओमासा यानं हा भाग जोडला. शोगुन आला नाही. सज्जा मात्र साऱ्या किल्ल्यात सगळ्यांत देखणा आहे.

बाहेर येऊन बूट चढवतो. काळ्या दरवाजापाशी दगडी भिंतीत दोन चेहरे कोरून बसवलेत. माणसं त्यांच्याकडे पाठ करून किल्ल्याचे फोटो काढताहेत. एक चेहरा इचिकावा र्‍योझो यांचा. १८७२मध्ये हा बालेकिल्ला लिलावात गेला, लाकूडफाट्यासाठी मोडला जाणार होता. त्यांनी मुदत मागून घेतली, आत प्रदर्शनं भरवली, आणि त्या पैशांतून तो परत मिळवला. दुसरा कोबायाशी उनारी यांचा, इथल्या शाळेचे मुख्याध्यापक. कललेला बालेकिल्ला रोज डोळ्यांपुढे असायचा, म्हणून त्यांनी लोकांना जमवलं, वर्गणी गोळा केली, आणि १९०३ ते १९१३ अशी दहा वर्षं दुरुस्ती चालवली. दोघांपैकी एकही सामुराई सरदार नव्हता.

मात्सुमोतोला गेलात तर फोटो काढून झाल्यावर मागे वळा आणि त्या दोन चेहऱ्यांपुढे मिनिटभर उभे राहा.