हवाच येत नाही, तिथे गॅस काय करणार?

एप्रिल लागला की बीड जिल्ह्यात पारा चाळिशीच्या पुढे सरकतो आणि बीडची एमएच-२३ असो की अंबाजोगाईची एमएच-४४, गाड्यांच्या काचा वर जातात. कुणी गेवराईहून कोर्टाच्या तारखेला निघालेलं असतं, कुणी माजलगावहून लग्नाचा मुहूर्त गाठायला आष्टीच्या वाटेवर असतं. नेमकं तेव्हाच बटण दाबावं आणि डॅशबोर्डच्या जाळीतून हवेचा साधा झोतही येऊ नये! गाडी पहिल्या दिसेल त्या गॅरेजसमोर थांबते. मालक म्हणतो, "एसी चालंना." मिस्त्री बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो, "गॅस संपला असंल, मालक. भरून टाकू."

गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, हवा काही येत नाही. येणार तरी कशी? गाडीच्या एसीत दोन वेगळी कामं चालतात. एक थंडावा तयार करण्याचं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर, डॅशबोर्डच्या पोटातली कूलिंग कॉइल आणि या सगळ्यांतून फिरणारा गॅस मिळून ते करतात. दुसरं काम तो थंडावा माणसापर्यंत पोचवण्याचं, आणि ते एकट्या ब्लोअरचं. बारा व्होल्टची एक मोटर, तिच्या दांड्यावर गोल पिंजऱ्याच्या आकाराचा प्लास्टिकचा पंखा, बहुतेक गाड्यांत ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढे, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे. गॅस पार संपला तरी हा पंखा फिरत राहतो, फक्त हवा गरम येते. गरम हवा आली तर गॅसचा संशय घ्यावा. हवाच आली नाही तर गॅसचं नावही काढू नये. बिघाड बहुतेक वेळा विजेचा असतो.

मिस्त्रीची फसगत होण्यालाही कारण आहे म्हणा. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर चालू असल्याशिवाय कॉम्प्रेसरला करंटच जात नाही. हवा न फिरता कॉइल थंड होत राहिली तर तिच्यावर बर्फ चढेल, म्हणून केलेली ती सोय. त्यामुळे ब्लोअर मेला की कॉम्प्रेसरही गप्प बसतो आणि सगळा एसीच बसल्यासारखा वाटतो. त्यात पुढे रेडिएटरजवळ, कंडेन्सरवर वारा मारणारा आणखी एक पंखा असतो, तो वेगळा. तो बंद पडला तर गाडी पळताना थंड हवा येते आणि सिग्नलला किंवा टोलनाक्यावर उभं राहिलं की हवा कोमट होते. हे लक्षण दिसलं तर डॅशबोर्डला हात लावायची गरज नाही.

पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने १९४० च्या मॉडेलमध्ये पहिल्यांदा कारखान्यातून बसवलेला एसी विकला, तेव्हा थंड करणारी कॉइल मागे डिकीजवळ होती, आणि थंडावा बंद करायचा तर बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवावा लागे. १९६४ साली कॅडिलॅकने आतलं तापमान स्वतःच राखणारी यंत्रणा आणली. त्यानंतर सेन्सर आले, पडदे आले, पण शेवटी हवा ढकलणारी मोटर तीच राहिली.

निदानाची सुरुवात ड्रायव्हरच्या सीटवरून, पाना हातात न घेता होते. चावी फिरवायची (इंजिन चालू नसलं तरी चालेल), काचा लावून घ्यायच्या, रेडिओ बंद करायचा आणि ब्लोअरचं बटण एकवरून चारपर्यंत सावकाश न्यायचं. कान ग्लोव्ह बॉक्सकडे. मोटरचा आवाज येतो आणि हवा नाही, तर पंखा निर्दोष आहे. एक तर केबिन फिल्टर धुळीने बुजलाय, नाही तर कॉइलवर बर्फ धरलाय. एसीचं बटण बंद करून नुसता पंखा पंधरा-वीस मिनिटं चालवावा. हवा हळूहळू परत आली तर बर्फच होता.

आवाज फक्त चारवर आला आणि एक, दोन, तीनवर शांतता असली, तर निदान तिथंच झालं. हाताने फिरवायच्या साध्या बटणाच्या गाडीत मोटरचा वेग कमी करायला रेझिस्टर नावाचा तुकडा असतो. त्यात तारांची वेटोळी असतात. एकवर करंट सगळ्या वेटोळ्यांतून जातो आणि मोटर हळू फिरते, दोन-तीनवर वेटोळी कमी होत जातात, आणि चारवर करंट रेझिस्टरला वळसा घालून सरळ मोटरला जातो. रेझिस्टर जास्त तापला तर वितळायला त्यात एक छोटा फ्यूज ठेवलेला असतो. तो उडाला की खालचे तिन्ही वेग एकदम जातात, चौथा राहतो. चारवर मोटर फिरते याचा अर्थ मोटर, मोठा फ्यूज आणि रिले ठीक आहेत. तरीही अशा गाड्यांना नवी मोटर बसते, आणि रेझिस्टर मोटरपेक्षा कितीतरी स्वस्त असतो. ही लूट म्हणावी की आळस, ते ज्याने त्याने ठरवावं. मला बहुतेक वेळा तो आळस वाटतो.

मात्र रेझिस्टर बदलून काम संपत नाही. तो का जळला, हे विचारलं पाहिजे. रेझिस्टर मुद्दाम हवेच्या वाटेत बसवलेला असतो, म्हणजे ब्लोअरचीच हवा त्याला गार ठेवते. केबिन फिल्टर बुजला की हवा अडते आणि तो तापतो. किंवा मोटरचं बुश घट्ट झालंय, ती नेहमीपेक्षा जास्त करंट ओढते आणि त्याचा भार रेझिस्टरवर येतो. कारण तसंच ठेवून नवा रेझिस्टर बसवला तर तोही जळतो आणि दोष कंपनीच्या मालाला दिला जातो.

चारही ठिकाणी शांतता असेल तर फ्यूजपासून निघायचं. ब्लोअरचा फ्यूज मोठ्या अँपिअरचा असतो आणि फ्यूजपेटीच्या झाकणावर त्याची जागा दाखवलेली असते. रंगही ठरलेले आहेत: दहा अँपिअरचा लाल, पंधराचा निळा, विसाचा पिवळा, तिसाचा हिरवा. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नये. त्याच्या पाठीवर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. चावी चालू ठेवून दोन्हींवर टेस्ट लॅम्प लावावा. दोन्हींवर पेटला तर फ्यूज चांगला, एकाच बाजूला पेटला तर उडालेला. उडाला असेल तर तितक्याच अँपिअरचा नवा घालावा. तो लगेच पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा वायर कुठेतरी बॉडीला टेकते. इथे काही बहाद्दर जास्त अँपिअरचा फ्यूज घालतात, नाही तर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळतात. मग फ्यूज वाचतो आणि डॅशबोर्डमागची वायर जळते. पेटलेल्या गाड्यांच्या बातम्यांमागे अशी कारणंही असतात.

रिले तपासणं सोपं. त्याच पेटीत त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, तर दोघांची अदलाबदल करून पाहावी.

आता खरी गंमत. फ्यूज ठीक, रिले ठीक, मोटर फिरत नाही. मिस्त्री मोटरचा कपलर काढतो, मीटर लावतो, बारा व्होल्ट दिसतात. "करंट येतोय, म्हंजे मोटर गेली." हा निष्कर्ष दोन कारणांनी कच्चा आहे. पहिलं कारण बीडच्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. रात्री शेतात लाइट येते, खोपीतला बल्ब पेटतो, पण बोअरची मोटर उचलत नाही, नुसती गुंगुं करते. व्होल्टेज दिसायला असतं, भार पडला की बसतं. गाडीतही कपलरची पिन काळी पडली असेल किंवा वायरचे दहातले नऊ धागे तुटले असतील, तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब लावलेला साधा टेस्ट लॅम्प इथे महागड्या मीटरपेक्षा खरं बोलतो. तो पावणेदोन अँपिअर ओढतो, आणि वाट खराब असेल तर मिणमिणतो.

दुसरं कारण जास्त फसवं. अनेक गाड्यांत मोटरला बारा व्होल्ट आधीपासून मिळालेले असतात, आणि बटण-रेझिस्टर तिच्या अर्थिंगच्या बाजूला बसवलेले असतात. बिघाड बटणात किंवा अर्थिंगमध्ये असला, तर कपलर लावलेला असताना मोटरच्या दोन्ही पिनांवर बॉडीच्या तुलनेत बारा व्होल्ट दिसतात! करंट मोटरमधून पलीकडे पोचलाय, पुढे जायला वाट नाही. म्हणून मीटरची एक तार बॉडीला लावून चालत नाही. कपलर जागेवर, बटण चारवर, आणि मीटरच्या दोन तारा मोटरच्या दोन पिनांवर. तिथे बारा व्होल्ट आणि मोटर थंड, तर मोटर गेली. तिथे शून्य, तर मोटरला हात लावू नका. वायर, बटण, अर्थिंग शोधा. सगळ्या प्रकरणातली हीच एक परीक्षा निकाल देते, आणि नेमकी तीच टाळली जाते. अर्थिंग पाहायचं तर बटण चारवर ठेवून बॅटरीच्या ऋण टोकापासून ब्लोअरच्या अर्थिंगपर्यंत व्होल्टेज मोजावं. दोन-तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर जोड गंजलाय.

कपलर काढलाच आहे तर त्याचं प्लास्टिक पाहावं. पिवळं-तपकिरी पडलेलं, एका पिनेभोवती वितळलेलं दिसलं तर नुसती मोटर किंवा नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही. कपलरही नवा लागतो.

मोटर मेली हे ठरल्यावरही एक टिचकी मारून पाहावी. तिच्या खालच्या बाजूला पान्याच्या मुठीने हलकं ठोकलं आणि ती फिरायला लागली, तर आतले कार्बन घासून संपत आले आहेत. गावापर्यंत पोचायला ही युक्ती पुरते, भरवसा ठेवायला नाही. आपल्याकडे मोटर लवकर का थकते, हे रस्त्यावर उभं राहिलं की कळतं. कापसाच्या हंगामात हवेत उडणारे तंतू, परळीच्या औष्णिक केंद्राची राख वाहणाऱ्या गाड्यांमागची धूळ, लिंबाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेखालच्या जाळीतून आत पडणारा पाला आणि लिंबोळ्या, हे सगळं शेवटी त्या पिंजऱ्यात जातं. महिनोन्‌महिने एका जागी उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर घर करतात आणि वायरी कुरतडतात. म्हणून पंखा काढल्यावर पहिल्यांदा हाताने फिरवून पाहावा. आत काडी अडकलेली सापडली तर खर्च शून्य.

आकड्यांनी तापमान लावायच्या नव्या गाड्यांत रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. तिथे खालचे वेग जाऊन वरचा राहणं सहसा घडत नाही. ब्लोअर पूर्ण बंद पडतो, नाही तर एकाच वेगाने सुसाट सुटतो. अशा गाडीत हुकमाच्या बारीक वायरीवर टेस्ट लॅम्प टोचू नये, मॉड्यूल जायचं. आधी स्कॅनर लावावा. आणि ग्लोव्ह बॉक्सच्या परिसरात पिवळे कपलर दिसले तर ते एअरबॅगचे. त्यांना कुठल्याच कारणाने हात लावायचा नाही.

ब्लोअर म्हणजे चैन, असं समजून बंद गाडी तशीच वापरणारे बरेच आहेत. त्यांनी पावसाळ्यात मांजरसुंब्याचा घाट रात्री चढून पाहावा. काचेवर आतून वाफ धरते आणि ती घालवायला ब्लोअरशिवाय दुसरा खात्रीचा उपाय नाही. फडक्याने पुसत गाडी चालवणं हा जिवाशी खेळ आहे. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड मालट्रकच्या केबिनमध्ये केंद्राने एसी सक्तीचा केला आहे. म्हणजे हा बिघाड यापुढे आपल्याकडच्या ट्रक-ड्रायव्हरांच्याही वाट्याला येणार.

तेव्हा गाडी गॅरेजला नेताना "एसी चालंना" एवढंच सांगू नका. कुठल्या नंबरवर हवा येते, कुठल्यावर नाही, आवाज येतो का, फ्यूज आधी उडाला होता का, हे सांगा. आणि मोटर बदलायची म्हणाले तर मोटरच्या दोन पिनांमध्ये किती व्होल्ट मिळाले ते विचारा. आकडा सांगता आला नाही, तर चावी परत मागून घ्या.