कॅप्टनबाईंचं नेमकं चुकलं कुठे?

आमच्या शहरातल्या कॅनॉटमध्ये चहा घेत बसलेल्या मालिकावेड्यांच्या घोळक्यात 'ट्यूविक्स' एवढं नाव काढायचं. चहा संपायच्या आत दोन तट पडतात. 'स्टार ट्रेक: व्हॉयेजर'चा हा एपिसोड १९९६ सालचा. अपघाताने टुव्हॉक हा अधिकारी आणि नीलिक्स हा खानसामा एकजीव होतात आणि एक तिसराच माणूस जन्माला येतो. आठवणी दोघांच्या, स्वभाव स्वतःचा. पुढे दोघांना वेगळं करायची युक्ती सापडते, पण तोवर ट्यूविक्सला जगायची गोडी लागलेली असते. तो गयावया करतो. यानावरचा डॉक्टर हे काम करायला नकार देतो. मग कॅप्टन कॅथरिन जेनवे स्वतः पुढे होते, दोघांना परत आणते आणि ट्यूविक्स संपतो.

एक तट म्हणतो, हा सरळ खून. दुसरा विचारतो, मग त्या दोघांच्या जगण्याचं काय? इथपर्यंत वाद रंगतदार. पण थोड्याच वेळात कुणीतरी म्हणतंच, "बाई असून इतकी निष्ठुर?" त्याच परंपरेतला कॅप्टन कर्क नियम धाब्यावर बसवतो, तेव्हा त्याचा निर्णय बरोबर की चूक यावर बोलणं होतं. जेनवेच्या वेळी मात्र चौकशी तिच्या चारित्र्याची सुरू होते. मला या चर्चांमधली खरी गोम हीच वाटते. जेनवेने चूक केली असं माझंही मत आहे, पण ती कॅप्टनची चूक आहे.

या शहराला असल्या वादांची सवय नाही असं मात्र म्हणता येणार नाही. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांची 'जिगीषा' ही नाट्यसंस्था इथलीच, तेव्हाच्या औरंगाबादची. दळवींनी लिहिलेलं आणि कुलकर्णींनी बसवलेलं 'चारचौघी' १९९१ साली रंगमंचावर आलं. विवाहित पुरुषाशी नातं ठेवून मुली वाढवणारी आई, नवऱ्याच्या भानगडीनंतर फोनवरच त्याचा हिशेब करणारी विद्या, आणि दोन पुरुषांपैकी एक निवडायचाच कशाला, असं विचारणारी विनी. नाटक २०२२ मध्ये नव्या संचात परत आलं, तेव्हाही विनीवर मतं जुळली नाहीत. टीव्हीवरच्या मराठी मालिकांत मात्र बाई एकतर राधिकासारखी सोसणारी नायिका, नाहीतर शनायासारखी डाव टाकणारी खलनायिका. मधल्या बाईला जागा नाही.

ती जागा विज्ञान मालिकांनी दिली. कारण साधं आहे. तिथे बाईच्या हाती यान असतं, फौज असते, कधी उरलीसुरली सगळी माणसं असतात. चुकायला आधी अधिकार लागतो.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही मालिका १९७८ साली आली तेव्हा स्टारबक हा लढाऊ वैमानिक पुरुष होता. रोनाल्ड मूर यांनी ती नव्याने घडवली आणि स्टारबकची कारा थ्रेस झाली. केटी सॅकहॉफने रंगवलेली ही कारा दारू पिते, वरिष्ठांवर हात उचलते, प्रेमाची माणसं दुखावते. जुना स्टारबक साकारणारे डर्क बेनेडिक्ट यांनी या बदलावर लेख लिहून चांगलीच आगपाखड केली. गंमत अशी की सिगार, जुगार आणि बेफिकिरी हे जुन्या स्टारबकचेही गुण होते.

कारावर बोलताना एक गल्लत हमखास होते. तिचा आततायीपणा हा तिचा दोष, पण २००९ च्या शेवटच्या भागात ती बोलता बोलता नाहीशी होते आणि ती नेमकी कोण होती हे कोडंच राहतं, हा लेखकांचा दोष. जेनवेचंही तसंच. एका भागात नियमांना घट्ट धरणारी कॅप्टन दुसऱ्या भागात ते सहज मोडते. हे तिचं अंतर्द्वंद्व की लिहिणाऱ्यांचा विसरभोळेपणा? दोन्ही एकाच पोत्यात भरले की बिचारीवर दुप्पट ओझं पडतं.

'स्टार ट्रेक'च्याच 'डीप स्पेस नाइन'मधल्या किरा नेरिसचं लेखन त्या मानाने चोख आहे. परकी राजवट उलथवण्यासाठी तिने बॉम्ब पेरलेले. १९९७ मधल्या एका भागात तिच्याच स्फोटात चेहरा जळालेला एक सामान्य नोकर सूड घ्यायला येतो. मी निरपराध होतो, असं तो म्हणतो. किरा माफी मागत नाही. तुमच्यापैकी कुणीच आमच्या ग्रहावर यायला नको होतं, हेच तिचं म्हणणं. ऐकताना आपण तिच्या बाजूचे असतो आणि अस्वस्थही.

'द एक्सपान्स'मधली ख्रिसजेन अवसराला तर पहिल्याच भागात एका कैद्याचा छळ करताना दिसते. कमी गुरुत्वाकर्षणात वाढलेल्या त्या माणसाला पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच असह्य होतं, आणि तिचं हत्यार तेच. ही झोकदार साड्यांतली, शिवराळ आजी साकारली इराणमध्ये जन्मलेल्या शोहरे अगदाश्लू यांनी. आपल्याकडे २०१९ च्या 'लैला'तली शालिनी हरवलेल्या मुलीसाठी जिवाचं रान करते, पण सुखाच्या दिवसांत आपल्या मोलकरणीशी ती कशी वागली हेही मालिका दाखवते. २०२१ च्या 'ओके कम्प्युटर'मध्ये राधिका आपटेची लक्ष्मी यंत्रमानवांच्या हक्कांसाठी भांडते. मला ती मालिका लेखनात विस्कळीत वाटली.

पण खरी रात्र जागवते ती 'गॅलॅक्टिका'चीच लॉरा रॉसलिन. उत्तराधिकाऱ्यांच्या यादीत त्रेचाळिसाव्या क्रमांकावरची ही शिक्षणमंत्री शत्रूने केलेल्या माणसांच्या संहारानंतर थेट राष्ट्राध्यक्ष होते, आणि त्याच सुमारास तिला स्तनाचा कर्करोग झाल्याचं कळतं. मेरी मॅकडॉनेल ही भूमिका आवाज न चढवता करतात. रॉसलिन एका कैद्याला शब्द देते आणि लगेच त्याला यानाबाहेर अवकाशात फेकायला लावते. आयुष्यभर गर्भपाताच्या हक्काची बाजू घेतलेली ही बाई, उरलेली माणसं पन्नास हजारांच्याही खाली गेल्यावर त्यावर बंदी घालते. मालिकेतल्या असल्या प्रश्नांवर १७ मार्च २००९ रोजी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात चर्चा झाली. मॅकडॉनेल त्यात होत्या.

आणि मग निवडणूक. प्रतिस्पर्धी बाल्टरचे शत्रूशी लागेबांधे आहेत असा तिला पक्का संशय आहे, पण पुरावा नाही. हरायची वेळ येते तेव्हा तिची माणसं मतपत्रिका बदलतात, तिला ते ठाऊक असतं. ॲडमिरल अडामा चोरी पकडतो, आणि ती माघार घेते. बाल्टर निवडून येतो, लोकांना एका ग्रहावर वसवतो, आणि वर्षभराने शत्रू त्या वस्तीवर ताबा मिळवतो. म्हणजे ती चोरी पचली असती तर हजारो जीव वाचले असते का? आमच्यातले अर्धे जण ठामपणे हो म्हणतात. निवडणुकीच्या कामावर जाऊन आलेले शिक्षक मित्र मात्र ऐकून घेत नाहीत. त्यांचं म्हणणं, पेटीला हात लावला तिथेच बाई हरली, पुढचं शत्रूचं सांगू नका.