केळवे रोडला उतरलो, पण केळवे कुठंय?

विरारहून डहाणूला जाणारी लोकल पकडा आणि डाव्या खिडकीपाशी जागा मिळवा. मिळाली नाही तर उभे राहा, पण डावीकडेच. वैतरणेचा लांबलचक पूल धडधडत मागे जातो, मग सफाळे येतं आणि त्याच्या पुढचं स्टेशन केळवे रोड. आपल्याला जायचंय केळव्याच्या समुद्रावर, म्हणून आपण टुणकन उतरतो.

आणि समुद्र? कुठेच नाही! भाताची खाचरं आहेत, झाडं आहेत, पण लाटांचा आवाज नाही की खारा वास नाही. केळवे गाव इथून पश्चिमेला सात-आठ किलोमीटरवर आहे.

पहिल्यांदा आले तेव्हा मला वाटलं, आपण चुकीच्या स्टेशनवर उतरलो. चूक नव्हती, उत्तर पाटीवरच लिहिलेलं होतं: केळवे ‘रोड’. ज्या स्टेशनच्या नावामागे ‘रोड’ लागतं, ते बहुतेक वेळा सांगत असतं की गाव इथे नाही, गावाला जाणारा रस्ता इथे आहे. याच मार्गावर वसई रोड आहे, डहाणू रोड आहे. दोन्हीकडे जुनं गाव समुद्राच्या बाजूला आणि स्टेशन त्यापासून लांब.

मग रेल्वे थेट गावातच का नाही गेली? नकाशात पालघरचा किनारा बघा. उंदरांनी कुरतडलेल्या भाकरीसारखा दिसतो ना? ही कुरतडलेली जागा म्हणजे खाड्या. खाडीचं तोंड समुद्रापाशी रुंद असतं आणि जमिनीत आत जावं तशी ती चिंचोळी होत जाते. पूल बांधायचा तर अरुंद जागाच बरी. शिवाय किनाऱ्यालगत खाजण, म्हणजे भरतीच्या पाण्याने भिजणारी चिखलट जमीन. तिथे रुळांसाठी मातीचा भराव टाकला तर तो खचणार. मुंबई आणि गुजरात जोडणारी ही रेल्वे १८६४ साली सुरू झाली, ती अशी किनाऱ्यापासून अंग राखून.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगते. ज्या खाड्या रेल्वेला नकोशा होत्या, त्याच केळवे आणि शेजारच्या माहीमच्या लोकांना हव्या होत्या. रेल्वेच्या आधी माल यायचा-जायचा तो पाण्यावरून, गलबतांतून आणि मचव्यांतून. खाडी हाच हमरस्ता! म्हणून तर पोर्तुगीजांनी इथे कोट बांधले आणि चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी १७३९ च्या जानेवारीत ते जिंकून घेतले. १८८२ सालचं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर उघडलंत तर त्यात पालघर नावाचा तालुकाच सापडत नाही. तालुका आहे माहीम! पुढे कारभार आणि बाजार हळूहळू रुळांकडे सरकले. पालघर तालुक्याचं गाव झालं, आणि २०१४ मध्ये तर जिल्ह्याचं.

चला, स्टेशनबाहेर रिक्षा भरतेय. ‘एक सीट, एक सीट’ अशी हाक आली की सरकून बसायचं. (एसटीने जायची हौस असेल तर एक स्टेशन पुढे पालघरला उतरायचं. तिथल्या आगारातून गाडी मिळते.) गाव जवळ आलं की नारळी-केळीच्या वाड्या लागतात आणि सावलीत वर चढत गेलेल्या पानवेली दिसतात. इथली विड्याची पानं करंड्यांत बसून रेल्वेने थेट उत्तर भारतात जायची. पण पान तोडलं म्हणजे मेलं असं नाही बरं का! ते श्वास घेतच राहतं. साठवलेली साखर जाळतं आणि थोडी थोडी उष्णता सोडतं. नुकत्याच कापलेल्या गवताच्या ढिगात हात घाला, आतून कोमट लागेल. करंडीतही तसंच होतं. पानं गच्च कोंबली किंवा प्रवास लांबला, तर ती आपल्याच उबेने पिवळी पडतात आणि कुजतात. म्हणून पानवाल्याला गाडीची वेळ तोंडपाठ हवी.

गलबतवाल्याला मात्र वेगळंच वेळापत्रक पाठ असायचं, ते म्हणजे चंद्राचं. भरतीला गलबत खाडीत शिरणार, ओहोटीला चिखलात बसणार. गंमत अशी, की लोकल रोज ठरलेल्या वेळेला सुटते, पण भरती रोज सुमारे ५० मिनिटं उशिरा येते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारते, तोवर चंद्र आपल्या वाटेवर थोडा पुढे गेलेला असतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला तेवढी मिनिटं जास्त फिरावं लागतं.

कोकणात याचं एक झकास गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. आपल्या पणजोबांना शाळेत पाऊणकी पाठ करावी लागायची, ती इथे कामाला येते! षष्ठी असेल तर सहाची पाऊणपट साडेचार. म्हणजे साडेचारच्या सुमाराला भरती आणि सहा तासांनी, साडेदहाच्या आसपास, ओहोटी. बारा तास उलटले की हेच पुन्हा, थोडं उशिराने. गणित अंदाजाचं आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे व्हायचाच.

केळव्याला हे गणित मला फार उपयोगी पडतं, कारण दांडा खाडीच्या मुखाशी पाण्यात एक छोटासा कोट उभा आहे. लांबून अगदी नांगर टाकून थांबलेल्या जहाजासारखा दिसतो. भरतीला त्याच्या चहूबाजूंनी पाणी असतं. ओहोटीला मात्र चिखल आणि खडक उघडे पडतात आणि चालत जाता येतं. मी पहिल्या खेपेला तिथी न बघताच आले होते. सुरूच्या बनात बसून नुसती त्या दगडी जहाजाकडे बघत राहिले आणि परतीची लोकल पकडली.

तुम्ही तसं करू नका. मोठ्या माणसाला सोबत घ्या, पाण्यात पाय टाकण्याआधी तिथल्या कोळी काकांना विचारा. आणि निघण्याआधी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून मला सांगा, बरोब्बर दुपारी बाराला ओहोटी हवी असेल, तर कोणत्या तिथीला यायचं?